अक्का, भाऊजींना ठाऊक होतं

अक्का, तुमचा तेरावा झाला आणि पाहुणे आपापल्या गावी पांगले. काल दुपारी भाऊजी ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसले. मी या घरात आल्यापासून ते माझ्याशी असं समोरासमोर कधी बोलले नव्हते. धाकट्या भावाची बायको मी, मला काही सांगायचं झालं तर तुमच्या तोंडून निरोप यायचा. आता निरोप आणणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते स्वतः आले. ते जे बोलले ते तुम्हाला कळायला हवं होतं. आता कळवायची काही सोय नाही, तरी लिहिते.

तुमचा आजार कशानं झाला हे भाऊजींना ठाऊक होतं, अक्का. तुम्ही मला शपथ घालून जे त्यांच्यापासून दडवायला लावलंत, ते त्यांना केव्हाच कळलं होतं. आणि आपल्याला कळलंय हे ते तुमच्यापासून दडवत होते.

कालपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. शाळेत मुलांना पाढे सांगताना मध्येच थांबले. सुरुवातीपासून सांगते. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला तुमच्याशी बोलत राहायचं आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझं डीएड अर्धवट राहिलं होतं. आपलं सैपाकघर म्हणजे माळवदाखालची अंधारी खोली, धूर जायला वर एक साणं, तेही पावसाळ्यात पत्रा टाकून झाकलेलं. जळणाला हिवाळ्यात तुराट्या, पऱ्हाट्या, बाकी वर्षभर गोवऱ्या. पहिल्या दिवशी मी आत आले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तुम्ही माझा दंड धरून मला बाहेर काढलंत आणि म्हणालात, पुस्तक घे आन वट्ट्यावर बस. मला वाटलं, थोरलीला चुलीत वाटेकरी नको. सासूबाई कुरकुरल्या की धाकटीला काय देव्हाऱ्यात बसवायचं का, तर तुम्ही त्यांना सांगितलंत, तिला शाळंत नोकरी करायचीय, सैपाकाला म्या हाय की. सासूबाईंना उलट बोललेलं तुम्हाला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं. मग माझं डीएड झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. सकाळी डबा हातात देताना तुमचं तोंड जाळानं लाल झालेलं असायचं आणि केसांवर राख असायची. मी ती पदरानं झटकायचे, तुम्ही मान बाजूला घ्यायचात.

खोकला कधी लागला हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. तो आपल्या घरातच राहायचा, म्हशीसारखा, कोंबड्यांसारखा. पहाटे तुमच्या खोकण्यानंच घर जागं व्हायचं. मग वरच्या रानात जाताना तुम्ही मध्ये बसायला लागलात. मग आडावरून कळशी आणताना. गावातल्या डॉक्टरांनी दमा आहे म्हणून सांगितलं. थंडी आली की सुई, गोळ्या, दोन दिवस बरं, पुन्हा तेच. तुम्ही वाळत गेलात तशी बायकांत कुजबुज सुरू झाली की हा दमा नव्हे, टीबी आहे. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, काही निघालं नाही. पण कागदावर काही निघालं नाही हे कुणाला दाखवत फिरणार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी तुमचा कप बाकीच्या कपांपासून वेगळा ठेवला. तुम्ही तो स्वतः उचलून मोरीत नेऊन विसळलात, पालथा घातलात आणि घरी आलात. त्यानंतर कुणाच्या घरी गेलाच नाहीत.

तेव्हा मी हट्ट धरला. धाराशिवला छातीचे एक डॉक्टर आहेत असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. तुरीची रास चालली होती, पुरुषांना सवड नव्हती, म्हणून आपण दोघीच निघालो. येरमाळ्याच्या स्टँडवर एसटीची पाटी मी वाचून दाखवली तर तुम्ही म्हणालात, धाराशिव न्हाय, मला उस्मानाबादला जायचंय. आजूबाजूचे हसले, तुम्हीही हसलात आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली ती गाडी हलेपर्यंत टिकली.

त्या डॉक्टरांनी नळी छातीला लावायच्या आधी तुम्हाला नुसतं पाहिलं. तुम्ही खुर्चीत पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होतात. ते म्हणाले, तुम्ही श्वास सोडताना ओठ असे शीळ घातल्यासारखे करता, हे कुणी शिकवलं? तुम्ही म्हणालात, कुणी न्हाय, तसं केलं की बरं वाटतं. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. सपाटीला दम लागतो की चढाला. आपल्या वयाच्या बायकांबरोबर चालताना मागं राहता का. सकाळी बेडका पडतो का, केवढा, कसल्या रंगाचा. दम येतो-जातो की कायमचा असतो. लहानपणी होता का. घरात कुणाला दमा आहे का. बिडी ओढता का, असं विचारल्यावर तुम्ही पदर तोंडाला लावलात. मिसरी लावते, म्हणालात, बिडी आन म्या कशाला वढू.

ते म्हणाले, आणि चूल?

तुम्ही सांगितलंत, कळायला लागल्यापास्नं आईच्या घरी, आन मग सासरी. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवला. एवढा वेळ त्यांनी कितीतरी विचारलं होतं, पण मला वाटतं त्यांना कळलं ते तिथंच.

मग बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन पाहिला. व्हरांड्यात चालवून पुन्हा पाहिला, तर आकडा उतरला होता. एक्स-रे काढला. त्यात तुमची फुप्फुसं मोठी, ताणल्यासारखी दिसत होती. मला आधी ते चांगलं लक्षण वाटलं. आणि मग ती फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि तिथली मुलगी सांगत होती, पूर्ण श्वास घ्या आणि जोरात सोडा, सोडत राहा, सोडत राहा. तुम्ही लाजलात. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा पदर घसरला म्हणून अर्ध्यात थांबलात, तिसऱ्यांदा खोकला. त्या मुलीनं सांगितलं, आजी, अशानं तपासणी व्हायची नाही. तेव्हा मी तुमच्या कानाशी म्हणाले, अक्का, तुराटी वल्ली हाय, फुंकणी घ्या आन फुंका. तुम्ही डोळे मिटलेत आणि फुंकलंत, तोंड काळंनिळं होईस्तोवर.

नंतर औषधाचे फवारे घ्यायला लावून, जरा थांबून पुन्हा फुंकायला लावलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून आपल्याला दाखवले. चांगल्या माणसाची हवा पहिल्या सपाट्यातच बरीचशी बाहेर पडते, तुमची रेंगाळत येते. दमा असता तर औषधानंतर रेघ बरीच सुधारली असती. तुमची जवळपास तशीच होती. त्यांनी दम्याचं नाव खोडलं आणि सीओपीडी लिहिलं. सांगितलं की धुरानं छातीतल्या नळ्या आखडल्या आहेत, हवा आत जाते पण बाहेर पडायला तिला वाट मिळत नाही.

तुम्ही म्हणालात, म्हंजी आमच्या सैपाकघरावानीच.

मग डॉक्टरांनी मलाही फुंकायला लावलं, एकाच घरात राहता म्हणून. माझी रेघ सरळ, ठणठणीत निघाली. तुम्ही माझा कागद हातात घेतलात. अक्षर कळत नव्हतं तरी बराच वेळ बघत राहिलात, आणि एखादं पोर पास झाल्यासारखा माझ्या पाठीवरून हात फिरवलात.

मला तिथं काहीतरी बोलायचं होतं. माझ्या वाटणीचा धूर तुम्ही घेतलात, असं काहीतरी. पण मी नुसती कागदांची घडी घातली. तुम्ही तर आनंदात होतात. डॉक्टर सांगत होते की गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळायचं, चूल बंद, औषधाचा पंप रोज घ्यायचा, आणि तुम्ही मध्येच विचारलंत, पर टीबी न्हाय ना? नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. गाडीत शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलंत, कंडक्टरला सांगितलंत, मला टीबी न्हाय. येरमाळ्याला उतरून रस्त्यापलीकडच्या हॉटेलात आपण भजी खाल्ली. तिथल्या कपातून चहा पिताना तुम्ही कप वर धरून मला दाखवलात.

आणि मग कप खाली ठेवून तुम्ही ते बोललात. म्हणालात, धुरानं झालं म्हणून कुणाला सांगू नगंस. तुझ्या भाऊजीला तर मुळीच न्हाय. चुलीवरची भाकर त्यांच्यापायीच व्हती की. त्यांचा घास उतरायचा न्हाय.

मी म्हणाले, पण डॉक्टरांनी चूल बंद करायला सांगितलीय, घरात न सांगता बंद कशी करणार. तुम्ही देवीच्या डोंगराकडं हात केलात आणि म्हणालात, येडाईची आन हाय तुला.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, अक्का, आणि ते मिटलंच नाही. चहा, भाजी, भात गॅसवर आला, पण भाकरीला तुम्ही चूल सोडली नाहीत. गॅसवरची भाकर त्यांना गोड लागत न्हाय, एवढंच. मी चूल बाहेर सपरात हलवून घेतली, तर पाऊस लागतो म्हणून तुम्ही ती आत आणलीत. मी म्हणाले मी भाजते, तर तुम्ही मला दटावलंत. पंपावरूनही तेच. दम लागला की मारायचात, बरं वाटलं की फडताळात ठेवून द्यायचात, सवय लागेल म्हणून. मी रोज घ्यायला लावलं तो हिवाळा बरा गेला. हुरड्याला तुम्ही रानापर्यंत चालत आलात, मध्ये फक्त एकदा थांबून. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण जिंकलो.

त्यानंतर भाऊजी बदलले. जेवताना भाकरी बाजूला सारायला लागले. दात दुखतात म्हणायचे. भात वाढ, चपाती असली तर दे. ज्या माणसानं जन्मभर भाकरीशिवाय ताट पाहिलं नाही, तो भात कालवून उठायला लागला. तुम्ही आधी मीठ घालून गरम पाण्याच्या चुळा भरायला सांगितल्यात. मग भाकरी पातळ केलीत. मग आणखी पातळ, आणखी मऊ, पीठ वस्त्रगाळ करून, उकड काढून. चुलीपुढं बसायचा वेळ वाढला. एकदा दुपारी निवडायला बसलो असताना तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, तुझ्या भाऊजीला आता माझ्या हातचं नगं झालंय गं. दात दुखणारा माणूस शेंगा खाईल का? म्या बघितलं, रानात बसून शेंगा खात हुते.

तुम्ही रडला नाहीत. सूप झटकलंत आणि उठलात. भाऊजी असं का वागतात हे मलाही कळत नव्हतं.

यंदा सोयाबीनच्या मळणीची धूळ गावभर उडाली आणि तिच्यामागून थंडी आली. तुम्हाला धाराशिवला दाखल केलं. तोंडावर घट्ट मास्क बसवला, मशीन तुमच्याऐवजी श्वास ढकलत होतं. तुम्हाला तो मास्क आवडायचा नाही, बोलता येत नाही म्हणून. भाऊजी पायाशी उभे असायचे, तुमच्या पायावरची चादर सारखी करायचे. त्या सकाळी सिस्टरनं तोंड पुसायला मास्क काढला तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं तुमच्या लेकीचं, भारतीचं काही सांगाल. तुम्ही म्हणालात, त्यांना भाकर दुधात कुस्करून दे. खरंच दुखत असत्याल दात.

त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

आता कालचं. भाऊजी ओसरीवर बसले. मग सांगायला लागले. मागं तुमचा पंप संपला होता, मला शाळा होती, म्हणून ते एकटेच धाराशिवला गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, चूल बंद केली ना? भाऊजी म्हणाले, कसली चूल? तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बसवून सगळं सांगितलं. भाऊजी तिथून स्टँडवर आले आणि येरमाळ्याच्या गाड्या सोडत बसून राहिले.

ते म्हणाले, म्या आलो तवा ती चुलीपुढंच हुती. हिला काय सांगू? माझ्या भाकरीपायी तुझी छाती गेली म्हणून सांगू? तिला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर हाय खाल्ली असती तिनं. म्हणलं, म्या भाकर मागितलीच न्हाय तर ती चूल पेटवायची न्हाय.

अक्का, मी तिथंच त्यांना सांगितलं. तुमची शपथ आता कुणासाठी पाळू? म्हणाले, भाऊजी, अक्कांना ठाऊक होतं. तुम्हाला कळू नये म्हणून त्यांनी मला आण घातली होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेसमोर मला बसवेना. ते फक्त एवढंच बोलले, दाताचं तिला खरं वाटलं का?

मी त्यांना तुमचं शेवटचं बोलणं सांगितलं, दुधात कुस्करून द्यायचं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला. शेंगांचं मी सांगितलं नाही. ते कधीच सांगणार नाही. पण तुम्हाला मात्र हे सांगायलाच हवं की तुमच्या हातचं त्यांना नको झालं नव्हतं. तुम्ही वाचाव्यात म्हणून तो माणूस उपाशीपोटी उठत होता, आणि त्याला चार घास जावेत म्हणून तुम्ही धुरात बसत होतात. मी दोघांच्या मधे होते आणि मला यातलं अर्धंच ठाऊक होतं. हे दुःख मी कुठं ठेवू, अक्का? तुम्ही असता तर तुमच्याजवळच ठेवलं असतं.

आज सकाळी जावई भारतीला न्यायला आले. तुमच्या लेकीनं हे सगळे दिवस पाहुण्यांचा सैपाक अंगणातल्या मोठ्या चुलीवर केला, आणि मी तिचा खोकला ऐकत होते. तिच्या सासरीही चूलच आहे. चहा झाला, पिशव्या उचलल्या, आणि भाऊजी म्हणाले, जावई, जरा बसा.

जावई बसले. भाऊजींनी त्यांना सांगितलं की भारतीला खोकला आहे, तिला त्या धाराशिवच्या डॉक्टरांकडं न्या, फुंकायची तपासणी करून घ्या, आणि तिला धुरात बसू देऊ नका, तुमच्या आईला राग आला तर मी येऊन बोलेन. कालचं सोडलं तर एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. जावई गोंधळले. म्हणाले, मामा, पर सासूबाईंना तर दमा हुता ना?

भाऊजी म्हणाले, न्हाय. दमा नव्हता. माझी शेवंता चुलीच्या धुरानं गेली. माझ्या भाकरी करता करता गेली.

भारतीनं पिशवी खाली ठेवली आणि ती रडायला लागली. मी तिला सावरायला पुढं झाले, पण माझं लक्ष भाऊजींकडंच होतं. या घरात तुम्हाला कुणी वहिनी म्हणालं, कुणी अक्का, कुणी भारतीची आई. ते तर नुसतं 'अगं' म्हणायचे. मी आल्यापासून त्यांच्या तोंडून तुमचं नाव कधी ऐकलं नव्हतं. आज त्यांनी ते भरल्या घरात, मोठ्यानं घेतलं, आणि जावयाला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा घेतलं.